बेशुद्धावस्थेतील श्रवण

बेशुद्ध पडलेल्या माणसाला नावाने हाक मारून पाहण्याची रीत वैद्यकाइतकीच जुनी असावी. ओ आली तर भोवतालच्यांच्या जिवात जीव येतो. न आली तर उशाशी बसलेल्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो: याला ऐकू तरी जाते काय? या प्रश्नाला वैद्यांपाशी दीर्घकाळ उत्तर नव्हते. हाकेची पोच द्यावयाची ती डोळ्यांनी, जिभेने किंवा हातांनी. आणि तेच अवयव अशा वेळी निश्चल असतात.

उत्तराची वाट विजेने दाखविली. जर्मनीत येना येथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्-आंदोलनांची पहिली नोंद केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. जागृत माणसाच्या अशा आलेखात आवाजामुळे फरक पडतो, हे पॉलिन डेव्हिस यांनी १९३९ मध्ये दाखविले. परंतु हा फरक अतिसूक्ष्म. मेंदूच्या अखंड कोलाहलात तो बुडून जाई. लंडनचे जॉर्ज डॉसन यांनी १९५० नंतर त्यावर तोड काढली. तेच उद्दीपन पुनःपुन्हा द्यावे आणि साऱ्या नोंदींची सरासरी घ्यावी. असंबद्ध आंदोलने एकमेकांना छेदून विरतात, प्रतिसाद तेवढा शिल्लक राहतो. युक्ती साधी, पण पुढचे सारे शास्त्र तिच्यावरच उभे आहे.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत डॉन ज्युएट यांनी आवाजानंतरच्या पहिल्या दहा सहस्रांश सेकंदांत मस्तिष्कस्तंभातून उमटणाऱ्या लहरी टिपल्या. त्या उमटल्या म्हणजे वाट शाबूत आहे एवढेच कळते; वाटेच्या टोकाला कोणी जागे आहे की नाही, हे कळत नाही. फिनलंडचे रिस्तो नॅटॅनेन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली याहून मार्मिक गोष्ट नोंदविली. एकसारख्या स्वरांच्या मालिकेत मधूनच वेगळा स्वर आला, तर लक्ष दुसरीकडे असतानाही मेंदू त्याची दखल घेतो व आलेखात एक निराळी लहर उठते.

ही लहर बेशुद्ध रुग्णांत शोधण्याचे प्रयत्न पुढे झाले. फ्रान्समध्ये ल्यों येथील कॅथरिन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात लहर दिसली त्यांतील बहुतेक शुद्धीवर आले. मात्र शुद्धीवर आलेल्या सर्वांचा हिशेब मांडला, तर ती त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांशांतच दिसली होती. म्हणजे लहर असणे हे आशेचे लक्षण खरे. पण नसणे हे निराशेचे प्रमाण नव्हे. हा दुसरा भाग नातेवाइकांना सांगावयाचा राहून गेला, तर यंत्राने उपकारापेक्षा अपकारच अधिक होईल. शिवाय डोक्याच्या आघाताने कानच निकामी झाला असेल, तर कोरा आलेख मेंदूविषयी काहीच सांगत नाही. म्हणून आधी कानापासूनची वाट तपासावी लागते.

याच संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात स्वरांच्या मालिकेत मधूनच एक शब्द ऐकविला होता. तो शब्द म्हणजे त्या रुग्णाचे स्वतःचे नाव.