मॅमोग्राफी आणि हातांनी होणारी तपासणी

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी. हाताला न लागणारी गाठही तीत दिसू शकते. मात्र तरुण वयात स्तनांतील ऊती दाट असल्याने चित्र अस्पष्ट येते, तेव्हा सोनोग्राफी उपयोगी पडते. परभणी जिल्ह्यातील खेड्यांतून प्रत्येकीला यंत्रापर्यंत नेणे अवघडच. म्हणून मुंबईचा अनुभव मोलाचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच अंगावर काढली जाते. नवी गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव किंवा त्वचा ओढली गेल्याचे दिसल्यास, मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष असला तरी, डॉक्टरांना दाखवावे.