वाठारहून वर

हिवाळ्यात महाबळेश्वरी बर्फ पडत नाही. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते, इतकेच. पण त्या चढणीला वाहन कोणते, हा प्रश्न जुना आहे. १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा इंग्रजांकडे गेली, त्या काळी साहेबाची पालखी भोयांच्या खांद्यावरून चढे. पुढे पुणे–मिरज लोहमार्ग झाला आणि सांगलीकडचा प्रवासी वाठारला उतरून टांग्याने वाई, पसरणी घाट, पाचगणी असा वर जाऊ लागला. वाहन प्रवासी निवडतो, असे आपण मानतो. आम्हांला ती निवड घाटाची वाटते. रस्ता चाकाजोगा झाला तेव्हाच पालखी मागे पडली. भोयांचा भार घोड्यांकडे गेला. त्याबरोबर बहुधा त्यांची रोजीही.