नांगर, आखाडा आणि उसने भांडवल

आपल्या जुन्या घरांचे माळे धुंडाळले, तर ‘प्रभाकर’ कंदिलाचा एखादा गंजलेला सांगाडा आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाचे दोन-चार बांधीव खंड अजूनही हाती लागावेत. वैनगंगेकाठच्या या गावापासून शेकडो कोस दूर, सातारा भागातल्या औंध नावाच्या एका लहानशा संस्थानाची ही देणगी आहे. कंदील ओगलेवाडीचा, मासिक किर्लोस्करवाडीचे. बहात्तर गावांचे, तेही विखुरलेल्या तुकड्यांचे हे संस्थान, उत्पन्न बेताचे. तेथे हे उद्योग का रुजले, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस होता. तो पुन्हा वर येण्यास घरातलाच एक प्रसंग कारण झाला.

आमच्या नात्यातील एक मुलगा, शाळेत असताना उत्तम खो-खो खेळणारा, काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. त्याला वेल्डिंगचे दुकान काढायचे होते आणि कर्जासाठी जामीन हवा होता. आम्ही त्याला म्हणालो, “आधी दोन वर्षे चालवून दाखव, मग पाहू.” बोलताना हे शहाणपणाचे वाटले होते.

आपल्या घरांना ही भाषा सवयीची आहे. पूर्वज भोसल्यांच्या अमलात इकडे आले, पुढच्या पिढ्या मध्यप्रांताच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, जंगल खात्यात आणि भरवेलीच्या मँगनीज खाणीत लागल्या. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली, प्रांत बदलला. पण महिन्याच्या एक तारखेवरची श्रद्धा बदलली नाही. व्यापार हा इतरांचा प्रांत आणि खेळ हा अभ्यासाचा शत्रू, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली. ती चुकीचीच होती असे आम्ही म्हणत नाही, कारण त्या पगारांवरच आपली मुले शिकली. परंतु लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या वाटणीशी जुळत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात, तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरी चालू असतानाच वडीलबंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवहार मांडला. किर्लोस्कर घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ चा मानतात, तो या दुकानापासून. त्या काळी सायकल हे कामावर जाण्याचे वाहन नव्हते. सातशे ते हजार रुपये किमतीचे ते श्रीमंतांचे आणि अंमलदारांचे खेळणे होते, त्यांच्या व्यायामाचा आणि मिरवण्याचा प्रकार होता. परंतु विकत घेणाऱ्याला बसताच येत नसेल तर ते खपणार कसे? म्हणून बंधू सायकल विकत आणि पंधरा रुपये घेऊन ती चालवायलाही शिकवीत.

या शिकवणीकडे चरित्रकार एक गमतीची हकिकत म्हणून पाहतात. आम्हाला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नवी वस्तू घेणाऱ्याच्या अंगवळणी पडावी लागते. त्याआधी तो दोन-चार वेळा आपटणार, आणि तेवढा वेळ कोणीतरी मागून बैठक धरून धावले पाहिजे. पुढे मुंबईच्या संस्थेत हक्काची बढती डावलली गेली आणि लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावी आले. कडबा कापण्याची यंत्रे त्यांनी केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. (लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असे, पण तेवढे चालत होते!) पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षांत सहा नांगर! आम्ही ज्या दोन वर्षांची अट त्या मुलाला घातली, ती लक्ष्मणरावांना घातली असती तर किर्लोस्करवाडी झालीच नसती. नांगर चांगला होता, कमी होती ती शेतकऱ्याच्या सवयीची. आणि सवय लागेपर्यंतचा काळ कोणीतरी पोसावा लागतो. तो काळ बंधूंच्या एकत्र संसाराने आणि इतर लहानसहान धंद्यांनी पोसला. त्यातच बेळगावात नव्या वस्तीच्या योजनेसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. होते ते सामान कोठे न्यावे, हाच प्रश्न पडला.

औंधचा संबंध येथे येतो. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे आज मुख्यतः सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ओळखले जातात. स्वतः नित्य नमस्कार घालणारे आणि संस्थानातील शाळांतून ते शिकविणारे हे राजे. शंभर नमस्कार पहिल्या दिवशी कोणाला जमत नाहीत आणि आठ दिवसांत अंगावर काही दिसत नाही, हे ज्याने स्वतःच्या शरीरावर अनुभवले आहे, त्याला अपुऱ्या कारखान्याकडे पाहताना घाई वाटत नसावी. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. घडले ते असे : १९१० साली त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांना देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे रान होते. त्या रानात कामगारांची घरे उभी राहिली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही राखणीचे काम मिळाले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला, तशी नांगरांना मागणी आली. १९२० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली, त्याच वर्षी मासिक सुरू झाले. ओगले बंधूंचा काचकारखाना याच संस्थानात १९१६ साली उभा राहिला होता.

त्या ओगलेवाडीच्या शेजारीच कऱ्हाड, आणि कऱ्हाडला लागून गोळेश्वर. खाशाबा जाधवांचे हे गाव. १९२६ साली जन्मलेले खाशाबा लाल मातीच्या हौदात वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले, तेव्हा पायाखाली माती नव्हती, गादी होती. मातीत रुतणारा पाय गादीवर निसटतो. चीतपट करण्याची सवय असलेल्याला गुणांची कुस्ती परकी वाटते. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून त्यांनी नवे तंत्र घेतले आणि सहावा क्रमांक मिळविला. हा त्यांचा शिकण्याचा काळ.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापकाने पहिलवानासाठी घर गहाण टाकावे, हे आजही कोणाच्या घरी सांगितले तर गृहिणी आधी प्राध्यापकांच्या पत्नीची चौकशी करील, आणि ते रास्तही आहे. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शेकडाभर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे देणे फेडले.

येथवर दोन्ही कथा सारख्या चालतात. पुढे त्या वेगळ्या होतात. नांगराभोवती वाडी झाली, कंपनी झाली, धाकटी पिढी परदेशी शिकून आली. १९५६ साली लक्ष्मणराव गेले, तेव्हा उद्योग त्यांच्याशिवाय चालण्याइतका मोठा झाला होता. पदकाभोवती असे काही उभे राहिले नाही. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि दीर्घकाळ बढतीवाचून राहिले. १९८३ साली साहाय्यक आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, पुढच्याच वर्षी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खेळातील शिस्त पुढे नोकरीधंद्यात आपोआप फळते, असे व्याख्यानांतून सांगतात. खाशाबांच्या अंगी शिस्त कमी होती असे कोण म्हणेल? त्यांना बत्तीस एकर कोणी दिले नाहीत, एवढेच.

तो वेल्डिंगवाला मुलगा आता नागपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात आहे. पगार बरा आहे, काम चोख करतो, मालक खूश आहे. दिवाळीला येतो, पाया पडतो, गोंदिया मार्गावर आता मोठी गाडी धावते तिच्या गोष्टी सांगतो. जामिनाचा विषय तो काढीत नाही, आणि आम्हीही काढलेला नाही.