भिंत नसलेलं पार्टिशन

मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पार्टिशन म्हणजे प्लायवूड. थोरल्याचं लग्न ठरलं की सुतार यायचा आणि एका खोलीच्या दोन व्हायच्या. पलीकडचा खोकलाही ऐकू यायचा, पण भिंत ती भिंतच. कोर्टात हाच शब्द वाटपाच्या दाव्यात भेटतो. तिथे सुताराचं काम नसतं. दप्तरातली एक ओळ बदलते आणि जागचं न हललेलं वावर दोघा भावांचं होतं. सर्व्हरच्या डिस्कवरचं पार्टिशन या दुसऱ्या जातीचं. तबकडी कितीही निरखली तरी तिच्यावर बांध दिसणार नाही. असते ती फक्त नोंद: अमुक सेक्टरपासून पुढचे इतके सेक्टर अमक्याचे. म्हणून या वस्तूचं कूळ शोधायचं तर ही नोंद कोणी, कुठे ठेवली ते शोधावं लागतं.

पहिलं दप्तर सापडतं ते १९६०च्या दशकात, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, आयबीएमच्या संशोधन केंद्रात. तिथे सीपी-६७ नावाची प्रणाली तयार झाली. एकच अवाढव्य यंत्र, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटावं की सगळं यंत्र आपलंच. यंत्र आपलं म्हटल्यावर डिस्कही आपली हवी, आणि माणशी एक डिस्क देणं तर कोणालाच परवडणारं नव्हतं. मग खऱ्या डिस्कवरचे काही सिलिंडर तोडून द्यायचे आणि त्यांना ‘मिनीडिस्क’ म्हणायचं असं ठरलं. कोणाची मिनीडिस्क कितव्या सिलिंडरपासून सुरू होते आणि किती सिलिंडरांची आहे, हे प्रणालीच्या सूचीत लिहिलेलं असे. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

युनिक्सच्या घरात मात्र वाटणी झाली ती अडचणीतून. बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ या संगणकाला आरपी०३ ही डिस्क जोडत. तिच्यावर ५१२ बाइटचे ८१,२०० ब्लॉक मावत, म्हणजे जेमतेम ४० एमबी. पण त्या काळच्या युनिक्समध्ये ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांत लिहिला जाई आणि १६ बिटांत मोजता येतात फक्त ६५,५३६. उरलेले १५,६६४ ब्लॉक डोळ्यांसमोर असून हाताबाहेर! तेव्हा एका डिस्कच्या अनेक लटक्या डिस्का कल्पून काम भागवलं. त्या जुन्या मॅन्युअलमध्ये कारणं दोन दिली आहेत: मोजणी पुरत नाही हे एक आणि एवढ्या मोठ्या डिस्कचे तुकडे केले तर सांभाळायला बरे हे दुसरं. गंमत म्हणजे हे तुकडे एकमेकांवर चढलेले होते. एक शून्यापासून ४०,६०० ब्लॉकचा, तर दुसरा त्याच शून्यापासून ६५,५३५ ब्लॉकचा. सगळे एकदम वापरू नका, असं मॅन्युअलच बजावतं. एकच जमीन दोघांच्या नावावर चढवायची आणि वर दोघांनी एकाच वेळी नांगर घालू नये म्हणून सांगायचं, तसा हा कारभार. ही नोंद होती डिस्क ड्रायव्हरच्या कोडमध्ये. हद्द सरकवायची तर कर्नल पुन्हा कंपाइल करा.

आज आपण नव्या मुलांना शिकवतो की पार्टिशन सुरक्षिततेसाठी असतं. लॉग फुगले तरी मूळ प्रणाली गुदमरू नये म्हणून. खरं आहे ते. पण युनिक्समध्ये लिहायचे आकडे डिस्कपेक्षा तोकडे पडले म्हणून वाटणी करावी लागली, आणि शहाणपणाचं कारण मुख्य होऊन बसलं ते पुढे.

नोंद खुद्द डिस्कवर आली, तीही घराघरांत, ती १९८३ साली. आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉसची २.० आवृत्ती. त्या डॉसने डिस्कचा पहिलाच सेक्टर दप्तरासाठी राखला. ५१२ बाइटपैकी ४४६ संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, शेवटचे दोन खुणेच्या शिक्क्याला आणि मधले ६४ वाटणीपत्राला. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून वाटे चारच. एका डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात असा हेतू होता. १० एमबीला चार वाटेकरी म्हणजे चैनच! पण डिस्का वाढल्या आणि १६ बिटांचा तोच जुना आकडा आडवा आला. डॉसही सेक्टर १६ बिटांत मोजत असे, म्हणजे एका वाट्यात ६५,५३६ सेक्टर, म्हणजे ३२ एमबी. युनिक्सची जुनी अडचण दुसऱ्या घरात जशीच्या तशी जन्मली. १९८७च्या डॉस ३.३ मध्ये यावर उपाय निघाला तो पोटहिश्श्यांचा: चारांतला एक वाटा ‘एक्स्टेंडेड’ म्हणायचा आणि त्याच्या पोटात डी, ई, एफ अशी लॉजिकल ड्राइव्ह मांडायची. पुढे सेक्टरचा क्रमांक लिहायच्या ३२ बिटांनाही २ टीबीवर धाप लागली आणि जीपीटी हे नवं दप्तर आलं. त्यात नोंदी सहसा १२८. जुन्या प्रोग्रामांनी जागा मोकळी समजून घुसू नये म्हणून जीपीटी आजही पहिल्या सेक्टरात जुन्या पद्धतीची एक नोंद ठेवतं: सगळी डिस्क व्यापलेली आहे.

या सगळ्या दप्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: वाटा सलग असणार. त्याचा जाच रात्री अडीच वाजता सर्व्हर बंद पडल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडच्या एका सर्व्हरवर ‘व्हार’चं पार्टिशन लॉगांनी काठोकाठ भरलं होतं. त्याच डिस्कवर ६० जीबी रिकामे होते, पण मध्ये दुसरं पार्टिशन. शेजारी ओसाड रान आणि आपल्या वाट्याला पाय ठेवायला जागा नाही. त्या रात्री लॉग पुसले, आणि पुढच्या रविवारी सगळा डेटा उचलून नवी मांडणी केली.

सलगपणाची ही अट तोडायची युक्ती आयबीएमने १९९० साली आरएस/६००० यंत्रांसोबतच्या एआयएक्समध्ये आणली. डिस्का गोळा करून त्यांचा एक गट बांधायचा, गटातली सगळी जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांत मोजायची आणि लागतील तितके तुकडे एका लॉजिकल व्हॉल्यूमच्या नावे लिहायचे. तुकडे या डिस्कवर असोत नाही तर त्या. आपल्याकडे १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याने विखुरलेली शेतं अदलाबदलीने एकत्र आणून गट नंबर दिले. इथे शेतं जागच्या जागी विखुरलेलीच राहतात आणि फक्त उतारा सांगतो की हे एकच शेत. वर बसलेल्या फाइल सिस्टिमला तो उतारा पुरतो.

ही कल्पना पुढे एचपी-यूएक्समध्येही रुजली. त्याच धर्तीवर १९९८ साली हाइन्झ माउलशागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) लिहिलं, आणि २००१च्या २.४ कर्नलमध्ये ते दाखल झालं. त्या पहिल्या एलव्हीएममध्ये एका व्हॉल्यूमला तुकडे जोडता येत ६५,५३४. पुन्हा तेच १६ बिट! नेहमीच्या ४ एमबीच्या तुकड्याने हिशेब केला तर मर्यादा २५६ जीबी. तिसऱ्यांदा तोच आकडा पाहून मला तरी हसू येतं. २००३च्या अखेरच्या २.६ कर्नलबरोबर ‘डिव्हाइस मॅपर’ आला. त्याचं काम एवढंच: इथून इतके सेक्टर मागितले की तिथले द्यायचे. त्याच्या खांद्यावर एलव्हीएम-२ उभं राहिलं आणि ती मर्यादा गेली. आता जागा संपली की नवी डिस्क गटात घालायची, ‘एलव्हीएक्स्टेंड’ चालवायचं आणि फाइल सिस्टिम वाढवायची. सर्व्हर चालूच. कमी करणं मात्र तितकं सोपं नाही. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर ती सहसा आकसून घेता येत नाही.

दप्तराची जागाही बदलली. सहसा प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबीत एलव्हीएम आपला उतारा ठेवतं, तोही साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत: गटाचं नाव, कोणती डिस्क, कितव्या तुकड्यापासून किती तुकडे. कोणताही बदल करण्याआधी त्याची जुनी प्रत ‘एटसी’च्या पोटातल्या ‘आर्काइव्ह’ फोल्डरमध्ये पडते आणि प्रतीवर तारीख, यंत्राचं नाव आणि कोणती कमांड चालवण्याआधी ती काढली हे लिहिलेलं असतं. आमच्या टीममध्ये त्या फोल्डरला फेरफार रजिस्टर म्हणतात. कोणी चुकून व्हॉल्यूम उडवलं की पहिल्यांदा तेच उघडतात.