द शे दरींतील सुळका

अमेरिकेंतील आरिझोना संस्थानाच्या ईशान्य भागांत ‘कॅन्यन द शे’ नांवाची एक खोल दरी आहे. चिनली गांवाजवळून दक्षिण कड्याच्या रस्त्यानें सुमारें १६ मैल गेलें म्हणजे रस्ता संपतो, आणि थोडें पायीं चालल्यावर प्रवासी एकदम कड्याच्या टोकाशीं येऊन उभा राहतो. सुमारें १००० फूट खालीं दरीचा सपाट तळ, आणि त्या तळांतून सरळ वर उठलेला तांबूस वालुकाश्माचा सुळका! ह्यास ‘स्पायडर रॉक’, म्हणजे कोळ्याचा खडक, असें म्हणतात. त्याची उंची ७५० ते ८०० फूट आहे. दिल्लीचा कुतुबमिनार २३८ फूट उंच. असे तीन मिनार एकावर एक रचले तरी ते ह्या सुळक्याच्या माथ्यास पोंचणार नाहींत.

सुमारें २८ कोटी वर्षांपूर्वीं वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या टेकड्यांपासून हा दगड बनला. पुढें पाण्यानें दऱ्या कोरल्या, आणि दोन दऱ्यांच्या संगमाशीं मधला भाग तेवढा शिल्लक राहिला. हा निसर्गाचा इतिहास झाला. मनुष्याचा इतिहास कड्यावरून सहज दिसत नाहीं. तो सांगावा लागतो.

ही दरी नव्हाहो लोकांची. ते स्वतःस ‘दिने’ म्हणवितात. त्यांच्यापूर्वीं येथें प्वेब्लो लोकांचे पूर्वज राहत; कपारींत बांधलेल्या त्यांच्या घरांचे अवशेष अद्यापि उभे आहेत. नव्हाहोंच्या श्रद्धेप्रमाणें सुळक्याच्या माथ्यावर जाळें विणणाऱ्या कोळ्याची आदिमाता राहते, आणि तिनेंच त्यांस मागावर विणावयास शिकविलें. माथ्यावरचे पांढरे दगड म्हणजे तिनें उचलून नेलेल्या हट्टी मुलांचीं हाडें, असेंही वडीलधारीं माणसें मुलांस सांगत.

दरीचे उभे कडे हीच ह्या लोकांची तटबंदी होती. परंतु ती नेहमींच पुरी पडली नाहीं. १८०५ सालीं दरीच्या एका शाखेंत, कपारीचा आश्रय घेतलेल्या नव्हाहोंची स्पॅनिश सैन्यानें कत्तल केली. त्या सैन्याचा नायक नार्बोना ह्यानें आपल्या अहवालांत ११५ मृतांचा आंकडा दिला आहे. पुढें हा मुलूख अमेरिकेकडे गेला. १८६३ सालीं कर्नल किट कार्सन ह्यानें उभीं पिकें जाळण्याचा व गुरें-मेंढ्या हांकून नेण्याचा सपाटा लावला, आणि जानेवारी १८६४ मध्यें भर हिमांत त्याचें सैन्य ह्या दरींत शिरलें. भुकेनें गांजलेले लोक शरण आले. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत सैनिकांनीं दरींतील पीचचीं हजारों झाडें तोडून टाकलीं. पीक जाळलें तर पुढल्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. फळझाड तोडणें म्हणजे परतण्याची आशाच तोडणें होय.

शरणागतांना ३०० मैलांहून अधिक अंतर पायीं चालवीत न्यू मेक्सिकोंतील बोस्क रेदोंदो येथें नेण्यांत आलें. तेथें ८००० हून अधिक लोक कोंडले गेले. पेकोस नदीचें पाणी खारट, मक्यावर कीड, जळणास लांकूड नाहीं. रोगानें आणि उपासमारीनें शेंकडों माणसें मेलीं. मे १८६८ मध्यें जनरल शर्मन वाटाघाटीस आला, तेव्हां त्यानें ह्या लोकांस पूर्वेकडील दुसऱ्याच एका प्रदेशांत पाठविण्याची गोष्ट काढली. नव्हाहोंचा पुढारी बार्बोन्सितो हा ह्याच दरीचा रहिवासी. त्यानें ती साफ नाकारली व आपल्या देशाखेरीज अन्यत्र जाण्यास सांगूं नये, असें विनविलें. १ जून १८६८ रोजीं तह झाला आणि त्याच महिन्यांत हे लोक घरीं निघाले. तहान्वये त्यांस १५,००० मेंढ्या व बकऱ्या मिळावयाच्या होत्या. लोंकर आली तसे माग पुन्हां चालू झाले. दरींत पीचचीं झाडेंही पुन्हां लागलीं.

१९३१ सालीं ही दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. तथापि जमीन नव्हाहोंचीच राहिली, आणि आजही कांहीं कुटुंबें उन्हाळ्यांत तेथें शेती करतात. परक्या प्रवाशास नव्हाहो वाटाड्यावांचून दरीच्या तळांत हिंडतां येत नाहीं. कड्यावरून सुळका पाहण्यास मात्र कोणाची आडकाठी नाहीं. तो पाहून झाल्यावर पायथ्याच्या हिरव्या पट्ट्याकडेही क्षणभर नजर टाकावी. एका पराक्रमी सरकारनें उजाड केलेली ती जमीन तिच्या मालकांनीं परत येऊन पुन्हां लाविली आहे.