मुरमाचा रस्ता कुणी केला?

पोळ्या-भाकरी उरकल्या असतील, तर जरा बसा. हातात निवडायचं काही असलं तरी चालेल, कान इकडं असू द्या.

रविवारी सकाळी पडेगावला रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की शहराकडून सायकलवाले येताना दिसतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात रंगीत कपडे. छावणी मागं टाकायची आणि मिटमिट्याकडं निघायचं. त्यातले काही जण पुढं मोठा डांबरी रस्ता सोडतात आणि शेताकडच्या मुरमाच्या वाटेला लागतात. त्यांच्या सायकलीचे टायर जरा रुंद असतात, खाचा असलेले. ते बघून आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "आपण डांबर मागून मागून थकलो, अन्‌ हे लोक मुरूम हुडकत फिरतात!"

या खेळाला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी, आपला मुरूम. चढउताराचा मुलूख, जुनी गावं आणि कच्च्या वाटा, हीच यातली मजा. अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर हा खेळ वाढला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथं बायकांचीही शर्यत होती.

आज आपणही त्या सायकलवाल्यांच्या मागं मागं जाऊ. पडेगाव ते वेरूळ हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण एवढ्या वाटेत हजार-बाराशे वर्षं पार होतात.

मिटमिटा गेलं, शरणापूरचा फाटा गेला, की दौलताबादचा किल्ला दिसायला लागतो. हाच यादवांचा देवगिरी. बाराव्या शतकात यादव राजा भिल्लमानं इथं राजधानी केली. डोंगर चारी बाजूंनी असा उभा तासलेला, की पाल चढायची नाही. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणायचं ठरवलं आणि दौलताबाद हे नाव दिलं. माणसं दिल्लीहून शेकडो कोस चालत आली. हुकूम सुलतानाचा होता. पण घर आवरून गाठोडी बांधली कुणी, लेकरं काखेत घेऊन वाटेत तीन दगडांची चूल मांडली कुणी, हे काही कुठल्या बखरीत सापडायचं नाही. ते आपलं आपण समजून घ्यायचं.

किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून रस्ता पुढं घाटाला लागतो. वर कागजीपुरा. हातानं कागद बनवणाऱ्यांचं हे गाव, नावातच धंदा आहे. मग खुलदाबाद. इथं भद्रा मारुती आहे, सूफी संतांचे दर्गे आहेत, औरंगजेबाची साधी कबर आहे आणि मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला.

घाट उतरला की वेरूळ. मालोजीराजे भोसल्यांचं गाव. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेलं कैलास लेणं इथलं. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार होळकरांच्या घरातल्या बायकांनी केला. गौतमाबाईंचं आणि त्यांच्या सूनबाई अहिल्याबाईंचं नाव इथं आजही घेतात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. देवगिरीचा डोंगर ज्या दगडाचा, कैलास ज्या दगडात कोरला, तोच आपल्या रस्त्यातल्या खडीचा दगड. काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस बाहेर आला, थरावर थर साचले आणि थंड होऊन हा दगड झाला. तो झिजून, कुजून जो होतो तो मुरूम. लेणं कोरणाऱ्याचं कौतुक होतं, किल्ला बांधणाऱ्याचं नाव राहतं. पण खडी फोडणाऱ्याचं काय?

खडीच्या रस्त्याची रीत जुनी आहे. दोनशे वर्षांपूर्वी मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसानं ती नीट बसवून दिली. दगड मुठीपेक्षा बारीक फोडायचा, थर घालायचे, रस्ता मधे थोडा उंच ठेवायचा म्हणजे पाणी दोन्ही अंगाला जातं. कोनेदार खडी एकीत एक अडकते आणि रस्ता घट्ट बसतो. लहान हातोडीनं, बसून दगड फोडायचं हे काम तिकडंही बायकापोरांच्या वाट्याला आलं.

आपल्याकडं ते आलं बाहत्तरच्या दुष्काळात. पाऊस सलग दगा देत होता आणि १९७२ साली तर पाठच फिरवली. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. डोक्याला फडकं, समोर दगडाचा ढीग, हातात हातोडी, शेजारी फाटक्या लुगड्याच्या झोळीत लेकरू. खायला सुकडी आणि मिलोची लाल भाकरी. हाताला फोड यायचे. कपची उडाली तर डोळा जायची भीती.

त्याच काळात रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. तिच्यामागं वि. स. पागे यांचा मोठा हात होता. १९७७ साली तिचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम, आणि बाईला-पुरुषाला एकाच कामाचा एकच दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांना सांभाळायची सोय, हे सगळं नियमात आलं. प्रत्यक्षात किती मिळालं ते त्या कामावर गेलेल्यांनाच विचारा. पुढं २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची वाट महाराष्ट्रातल्या या कायद्यानं दाखवली होती. म्हणजे आपल्या आज्या नुसती खडी फोडत नव्हत्या, देशाच्या कायद्याचा पाया भरत होत्या.

आता सायकलीकडं येऊ. दोन सारख्या चाकांची, चेनची सायकल निघाली १८८५ साली. ती आली आणि बाईला घरातल्या माणसाची वाट न बघता चार कोस जाता यायला लागलं. म्हणून लोकांनी तिची टिंगलही खूप केली. आपल्या देशात १९९१ च्या सुमारास तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम चालू होती. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी लिहिण्यावाचण्याबरोबर सायकलही शिकवायला घेतली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, हजारोंनी सायकल शिकल्या. पाण्याच्या घागरी, शेतमाल, लेकरं सायकलीवरून न्यायला लागल्या. नावं ठेवणारे होतेच. पण वेळ वाचला, पायपीट वाचली, हे सगळ्यांना दिसलं.

आपल्याकडं मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. चांगली गोष्ट. पण आपल्या घरात बघा बरं. सायकल मुलीच्या नावावर, फिरतो भाऊ. बारावी झाली की सायकल पडवीत, टायर बसलेले. लग्न झालं की तर बोलायलाच नको. ज्या रस्त्याला आजीनं खडी फोडली, त्या रस्त्यावर नातीनं सायकल चालवली तर लोक काय म्हणतील, याची आपल्याला काळजी!

माझ्या सासूबाई बाहत्तरला खडीवर होत्या. त्यांना कुणी इतिहास विचारला नाही. मीही उशिरा विचारला, तेव्हा त्यांना मुकादमाचा आवाज आठवत होता, पण गावाचं नाव आठवेना. बाहत्तर साली विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. आता नाही विचारलं तर हा इतिहास त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास राखून ठेवा. गावातल्या आज्यांना बोलवा. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या तलावावर काम केलं, हजेरी कोण घ्यायचं, लेकरू कुठं निजवायच्या, हे विचारा. शाळेतल्या मुलीला वही घेऊन बसवा, तिला सगळं लिहून घेऊ द्या. गावाच्या नकाशावर त्या रस्त्याला खूण करा.

आणि पडवीतली ती सायकल बाहेर काढा. हवा भरा, चेनला तेल द्या. सकाळच्या वेळी, चौघीजणी मिळून, मुरमाच्या वाटेनं निघा. पडलात तर हसा आणि उठा. मुरूम आपलाच आहे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.