माघार आणि तिचें मोल

इन्सुलीसारख्या लहान गांवांतही अर्ज मागें घेण्याची मुदत संपत आली, कीं ‘मागें पडलेल्यानें आतां माघार घ्यावी’ असा उपदेश ओटीओटीवर सुरू होतो. आम्हांस अशा वेळीं सुरतेची आठवण होते.

१९०७ सालीं तेथील काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठीं नेमस्तांनीं डॉ. रासबिहारी घोष यांस निवडलें. टिळकपक्षानें लाला लजपतराय यांचें नांव सुचविलें. मंडालेहून नुकतेच सुटलेले लालाजी लोकांचे आवडते होते, परंतु स्वागतमंडळांत बहुमत नेमस्तांचें होतें. आपल्या नांवावरून फूट पडूं नये म्हणून लालाजींनीं स्वतःच माघार घेतली. तरीही २७ डिसेंबरला सभा उधळलीच, आणि दोन्ही पक्ष एकत्र येण्यास १९१६ चें लखनौ उजाडावें लागलें. कारण खरा वाद माणसाचा नव्हताच. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे कलकत्त्याचे १९०६ चे ठराव कायम राहतील, असा भरंवसा टिळकपक्षास वेळेवर मिळाला नाहीं.

केवळ मतें कमी म्हणून माघार घ्यावी, हें आम्हांस मान्य नाहीं. आपल्या उभें राहण्यानें आपल्याच कार्याची हानि होत असेल, तर ती अवश्य घ्यावी. मात्र माघार घेणाऱ्याचें म्हणणें ऐकण्याचें ऋण जिंकणाऱ्यावर राहतें. तें न फेडल्यास त्याग व्यर्थ जातो.